बारावी पास

विजयश्रीनं एम.ए.ची पदवी ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवली होती. चाकणच्या कारखान्यांना कामगार पुरवणारे ठेकेदार जास्त शिकलेल्यांना कामावर घेतच नाहीत. ही पोरं टिकत नाहीत, वर तोंड करून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून फॉर्मवर तिनं नुसतं 'बारावी पास' लिहिलं. इंग्रजी साहित्याची पाच वर्षं तिनं स्वतःच्या हातानं पुसून टाकली.

काम मिळालं. एके दिवशी कंपनीत परदेशी पाहुणे आले. त्यांच्यातली एक वयस्कर बाई असेंब्ली लाइनवर तिच्यापाशी थांबली आणि इंग्रजीत आस्थेनं म्हणाली, "आठ तास उभं राहून पाय दुखत असतील ना? बसायला स्टूल हवं का?"

सुपरवायझर गणराज लगेच मध्ये पडला. "मॅडम विचारतायत, काम आवडतं का?"

विजयश्रीच्या पोटऱ्या ठणकत होत्या. उत्तर अस्खलित इंग्रजीत जिभेवर आलं होतं. पण ते तोंडातून निघालं असतं, तर फॉर्मवरचं खोटं उघडं पडलं असतं आणि उद्या गेटवर कार्ड चाललं नसतं.

"हो, आवडतं," ती मराठीत म्हणाली.

गणराजनं हसत बाईला इंग्रजीत सांगितलं, "ती म्हणते, स्टूल नको."

त्याचं इंग्रजी अगदीच मोडकंतोडकं होतं. विजयश्रीला मात्र शब्द न् शब्द कळला.