दरबारी बासरीवाल्याचा अकरावा वंशज

हेस्टर पेटिफरनं टाइपरायटरवरचे हात उचलले आणि बोटांवर महिने मोजायला सुरुवात केली. एप्रिलपासून निघून फेब्रुवारीपर्यंत पोचेतो दहाही बोटं संपली आणि वर अठरा दिवस उरले. तिनं पुन्हा मोजलं, या खेपेला उजव्या हातापासून. तरीही अठरा दिवस उरलेच.

नवऱ्यानं लिहिलेल्या घराण्याच्या इतिहासाचं पान चौदावं ती टाइप करत होती. त्यावर लायनेलच्या हिरव्या शाईत दोन ओळी होत्या. पहिली : ‘ॲम्ब्रोज पेटिफर, दरबारी बासरीवादक, याचं दफन २ एप्रिल १६११ रोजी.’ दुसरी : ‘त्याचा पुत्र रिचर्ड, बाप्तिस्मा २० फेब्रुवारी १६११.’ त्याखाली लायनेलनं लिहिलं होतं, ‘मरणापूर्वी अवघे सहा आठवडे बापानं मुलाचं तोंड पाहिलं.’ ही ओळ तो वाढदिवसांना, चर्चच्या सहभोजनांना आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना, ऐकवून मोकळा झाला होता.

वरच्या खोलीत तो बासरी वाजवत होता. एरवी सूर सुरू झाले की हेस्टर स्वयंपाकघराचं दार लावून घेई. आज उठायचं तिच्या लक्षात आलं नाही.

लायनेल सदतीस वर्षं रेल्वेत वेळापत्रकं बनवायचा. निवृत्त झाल्यावर जुळवायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यानं पूर्वज जुळवायला घेतले. पहिल्याच वर्षी त्याला हा ॲम्ब्रोज सापडला. आधी राणीच्या, मग राजाच्या दरबारात बासरी वाजवणारा, आणि म्हातारपणी गावात घर घेऊन तिथंच वारलेला. तेव्हापासून लायनेलचे पाय जमिनीला लागले नाहीत. महिन्याभरात त्यानं लाकडी बासरी विकत आणली. त्याच्या बापाला चर्चच्या गायनवृंदातून दोनदा काढलं होतं आणि आजोबांना घेतलंच नव्हतं. पण लायनेल म्हणायचा, ‘रक्तात आहे.’ अकरा वर्षं झाली, रक्तातलं काही बाहेर येत नव्हतं.

पुढं तो दर मंगळवारी गावच्या सभागृहात घराण्याचा शोध कसा घ्यावा याचा वर्ग घेऊ लागला. तिथं पहिल्या दिवशी तो जो नियम सांगायचा, तो आत्ता हेस्टरच्या बोटांवर येऊन बसला होता. त्या काळी इंग्लंडात वर्ष जानेवारीत नव्हे, तर पंचवीस मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे १६११चा एप्रिल आधी आणि १६११चा फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी. ‘हा नियम विसरलात,’ तो फळ्यावर खडू आपटत सांगायचा, ‘तर बापाच्या आधी मुलगा जन्माला घालाल.’ लोक हसायचे. हेस्टर मागच्या बाकावर बसून चहाचे कप मोजायची आणि तीही हसायची.

या हिशेबानं ॲम्ब्रोज पुरला गेला, आणि त्यानंतर साडेदहा महिन्यांनी त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी मूल जन्मलं की आठवड्याच्या आत बाप्तिस्मा उरकत.

ही चूक लायनेलची, यावर तिचा विश्वास बसेना. ती उठली आणि कपाटातून त्याची पहिली वही काढली. तिथंच होतं सगळं. पहिल्या वर्षीचा ऑक्टोबर, अजून नियम-बियम काही माहीत नसताना चर्चच्या नोंदवहीतून उतरून घेतलेल्या दोन तारखा. पुढच्या सगळ्या वह्या त्या दोन तारखांवर उभ्या होत्या. घराला मजल्यामागून मजला चढवला, पण पायाकडं पुन्हा वाकून बघायचं राहिलं.

दुपारी जेवताना तिनं प्रयत्न केला. तो ब्रेडवर मोहरी फासत रविवारच्या समारंभाबद्दल बोलत होता. ॲम्ब्रोजचं घर अजून उभं होतं. आता तिथं पोस्ट होतं. त्याच्या भिंतीवर पाटी बसणार होती, थडग्यांचे दगड घडवणारा विल्फ गॅरड ती काळ्या दगडात कोरत होता, धर्मगुरू चार शब्द बोलणार होते. पाटीचा मजकूर हेस्टरला तोंडपाठ होता. दोन्ही तारखा, आणि शेवटी, ‘अकरावा वंशज लायनेल याने बसवली.’

“लायनेल,” ती म्हणाली, “तो मार्चचा नियम पुन्हा एकदा सांग बघू.”

त्यानं सुरी खाली ठेवली, तिच्याकडं पाहिलं, मग बरणीचं झाकण लावलं. झाकण लावायला त्याला जरा वेळ लागला.

“मंगळवारी वर्गात येत जा,” तो म्हणाला. “चहा करायला येतेस आणि चहा करून जातेस. उरलेलं बीट खाणार आहेस का?”

तिनं बीट त्याच्याकडं सरकवलं. त्याचा चेहरा इतका मजेत होता की तोंडातला शब्द तिनं घासाबरोबर गिळला. आणि दगडावर एकदा कोरलं की पुसता येत नाही. पोस्टात रोज शंभर माणसं येतात. रांगेत उभं राहिलेल्या माणसाला भिंत वाचण्यापलीकडं उद्योग नसतो. कुणीतरी एक दिवस बोटं मोजणारच, आणि मग लायनेलला या गावातून मान वर करून चालता येणार नाही.

जेवणानंतर तिनं ॲम्ब्रोजच्या मृत्युपत्राची प्रत वाचली. याआधी ती नुसती टाइप केली होती. घर, बाग, पितळी भांडी आणि दोन बासऱ्या पत्नी ॲग्नेस हिला, ती माझी विधवा म्हणून राहील तोवर. तिनं पुन्हा लग्न केलं, तर सगळं लंडनच्या भावाला. समासात लायनेलनं हिरव्या शाईनं लिहिलं होतं, ‘केवढं प्रेम!’

म्हणजे ॲग्नेसनं लग्न केलं असतं तर घर गेलं असतं, आणि न करता मूल झालं म्हणून कळलं असतं तर शिक्षा म्हणून पांढरी चादर पांघरून चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. तिनं दोन्ही होऊ दिलं नाही. मूल कडेवर घेऊन ती चर्चमध्ये गेली, आणि धर्मगुरूनं नोंदवहीत बापाच्या जागी दहा महिन्यांमागं स्वतःच पुरलेल्या माणसाचं नाव लिहिलं. त्यालाही दहा बोटं असणारच. हेस्टरनं प्रत घडी करून ठेवली आणि कोट चढवला.

विल्फ गॅरडची कार्यशाळा दफनभूमीच्या भिंतीला लागून होती. गिऱ्हाईक जवळ असलेलं बरं, असं तो म्हणायचा. हेस्टर आत शिरली तेव्हा तो पाटी ओल्या फडक्यानं पुसत होता. पाटी दाराकडं पाठ करून उभी होती.

हेस्टरनं रस्त्यात बहाणा तयार केला होता. ती म्हणाली, तारखा फार झाल्यात, दगड गजबजल्यासारखा दिसेल, तेव्हा दुसरी तारीख गाळली तर कसं.

विल्फनं फडकं पिळलं.

“बाई, तुम्ही चौथ्या.”

“म्हणजे?”

मग त्यानं सांगितलं. सोमवारी चर्चचे कारभारी थर्लो आले होते. त्यांचं म्हणणं, भिंतीवर इतके आकडे आले तर लोक तिथं बसची वाट बघत उभे राहतील. मंगळवारी मिस कॅचपोल, वय त्र्याऐंशी, काठी टेकत आल्या. त्यांनी शोध लावला होता की शेवाळ आकड्यांतच धरतं, अक्षरांत धरत नाही. दोघंही मंगळवारच्या वर्गाचे.

“आणि तू?” हेस्टरनं विचारलं.

“मी दुसऱ्याच वर्षी मोजलं होतं. मोजायचं शिकवलं कुणी, त्यांनीच ना.”

“आणि नऊ वर्षं एकजणही बोलला नाही?”

“कोण बोलणार, बाई? थर्लोंना वाटलं कॅचपोलबाई सांगतील, कॅचपोलबाईंना वाटलं मी सांगेन. मला वाटलं, घरात बायको आहे.”

हेस्टर दगडाच्या ढिगावर टेकली. तिला आधी राग आला आणि मग कुणावर ते ठरेना. अख्खा वर्ग दर मंगळवारी तिच्या हातचा चहा पीत होता, तिच्या नवऱ्याची ती सहा आठवड्यांची ओळ ऐकत होता, आणि बिस्किटं पुढं सरकवत होता.

“चौथी म्हणालास,” ती म्हणाली. “थर्लो, कॅचपोलबाई, मी. झाले तीन.”

विल्फनं नाक खाजवलं. त्यानं बोलायचं नाही असं ठरलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्याचं तोंड काही फार दिवस बंद राहणाऱ्यातलं नव्हतं. त्यानं खिळ्याला अडकवलेल्या कागदांतून एक काढून तिच्या हातात दिला.

पाटीचा मजकूर होता. बाप्तिस्म्याची ओळ हिरव्या शाईनं, पट्टी धरून, सरळ खोडली होती. शेवटची ओळही. कोपऱ्यात जानेवारीतली तारीख होती.

“सगळ्यांच्या आधी आले होते,” विल्फ म्हणाला. “थंडीत. उभ्यानंच खोडलं. म्हणाले, हेस्टरला सांगू नकोस. अकरा वर्षं रक्त-रक्त म्हणून ती बासरी तिच्या डोक्यावर वाजवली. रक्त नाही असं कळलं तर ती बासरी चुलीत घालेल. पाटी लागली की कळेलच, म्हणाले, तोवर वाजवून घेतो.”

हेस्टरनं कागद जवळ धरला. खोडलेल्या शेवटच्या ओळीखाली त्यानं नवी ओळ लिहिली होती. अक्षर वेळापत्रकातल्यासारखं, एकाखाली एक नीट.

“कोरलंस?”

विल्फनं पाटी दोन्ही हातांनी धरून तिच्याकडं फिरवली.

वरती ॲम्ब्रोज होता, दरबार होता, दफनाची तारीख होती. लायनेलचं नाव कुठंच नव्हतं. अगदी खाली, वरच्या इतक्याच मोठ्या अक्षरांत होतं : ‘आणि त्याची पत्नी ॲग्नेस. तिने हे घर राखले.’

हेस्टरनं ओळ दोनदा वाचली. मग हातमोजे घातले, एक उलटा घातला गेला म्हणून काढून पुन्हा घातला, आणि विल्फला सांगितलं की आपण इथं आलोच नव्हतो. विल्फ म्हणाला, इथं कुणीच आलेलं नाही, सोमवारपासून अगदी शुकशुकाट आहे.

घरी आली तेव्हा पान चौदावं यंत्रात तसंच अडकलेलं होतं. त्याचं हिरव्या शाईतलं पान त्यानं कालच तिच्या हातात दिलं होतं, आणि लायनेल तीनदा वाचल्याशिवाय दूधवाल्याची चिठ्ठीसुद्धा बाहेर ठेवत नसे. चूक नजरेतून निसटली नव्हती, तिच्यासाठीच ठेवली होती. तिनं कोट न काढताच खुर्ची ओढली.

वर बासरी चालू होती. तो नेहमीच्या जागी आला आणि नेहमीसारखा घसरला. तिचा हात सवयीनं दाराकडं गेला. तिनं दार लोटून पूर्ण उघडलं आणि ते मिटू नये म्हणून खाली विटेचा तुकडा ठेवला.

“लायनेल,” तिनं वर हाक मारली, “पान चौदावर ॲग्नेसबद्दल फार थोडं लिहिलंयस.”

सूर थांबला. वरची फळी एकदा वाजली.

“जागा किती आहे?” त्यानं विचारलं.

“हवी तेवढी.”

तिनं यंत्रातला कागद ओढून काढला आणि कोरा चढवला. वर त्यानं तोच तुकडा पहिल्यापासून धरला, आणि त्याच जागी पुन्हा घसरला.