तडकणे हेच माझे काम

मित्रांनो, मी एक जुनी, फुटकी काचपट्टी आहे आणि फुटल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. दोन बोटे रुंद, वीतभर लांब, एवढाच माझा संसार. देवाने कुणाला चमकायला पाठवले, कुणाला टिकायला. मला त्याने तडकायला पाठवले. ते काम माझ्या हातून कसे घडले, ते ऐका.

वाळू भट्टीत वितळली आणि माझा जन्म झाला. खिडकीचे तावदान कापून उरलेली मी दुकानात धूळ खात पडले होते. अशात एके सकाळी टेकडीवरच्या शाळेखालची जमीन हलकेच हादरली आणि तिसरीच्या वर्गाच्या भिंतीला उभी भेग पडली. गवंडीकाकांनी मला तिथे नेले, भेगेवर आडवी ठेवले, माझी दोन्ही टोके प्लास्टरने पक्की केली आणि खाली तारीख लिहिली.

"एवढीशी काच काय भिंत धरणार?" शिपाईमामा हसले.

"धरायची नाहीच तिनं. काचेला वाकता येत नाही, म्हणून खोटंही बोलता येत नाही. भेग केसभर वाढली तरी ही तडकेल. तडकली, की वर्ग रिकामा करायचा."

त्याच क्षणी मी ठरवले, वेळ आली तर कचरायचे नाही.

मोठ्या बाई रोज हजेरीआधी मला न्याहाळत. एकदा माझ्याकडे बोट दाखवूनच त्यांनी भूगोल शिकवला. "जमिनीचं कवच अखंड नाही बरं का. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, भूपट्ट. खालच्या तापलेल्या खडकावरून ते सरकतात, आपली नखं वाढतात तितक्या हळू."

"म्हणजे आपण आत्ता सरकतोय?" भिंतीकडेच्या बाकावरून शिपाईमामांच्या नातीने विचारले.

"सरकतोय. तू, मी आणि तुझा न केलेला गृहपाठसुद्धा."

वर्ग खळखळून हसला. मग बाईंनी दोन बाके एकमेकांना घासून ढकलली. ती अडली. आणखी जोर दिला तशी एकदम सुटली आणि दौत कलंडली. "कडा अशाच अडकतात. वर्षानुवर्षं ताण साठतो. एक दिवस सुटतो, तोच भूकंप. कुठे एक पट्ट दुसऱ्याखाली शिरतो, तिथं खोलवर खडक वितळतो, आणि तो शिलारस वर आला की ज्वालामुखी."

तो रस झटकन थंड झाला तर त्याचीही काळी काच होते, असे बाई म्हणाल्या. म्हणजे डोंगराच्या पोटात माझी भावंडे आहेत! मी भिंतीवर ताठ झाले.

पुढे शाळेची तपासणी ठरली. आदल्या दिवशी शिपाईमामा वर्ग रंगवत होते. जमीन जराशी थरथरली. शिडीवरच्या मामांना शिडीच डगमगल्यासारखी वाटली. आणि मी तडकले, आरपार! काम झाले म्हणून मी धन्य झाले, तोच मामा पुटपुटले, "अरे देवा, शिडीचा धक्का लागला वाटतं. उद्या साहेब येणार आणि बाई माझी पूजा बांधणार." त्यांनी मला गोंद लावून सांधले, वर पांढऱ्या रंगाचा हलकासा हात फिरवला. मित्रांनो, त्या रात्रीइतकी असहाय मी कधीच नव्हते. सत्य माझ्या अंगावर होते, पण तोंडाला गोंद होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भेगेकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "ती काच शाबूत आहे, म्हणूनच मुलं इथं बसतात."

पाण्याचा ट्रे घेऊन मामा दारात उभे होते. त्यांची नजर माझ्यावरून नातीच्या बाकावर गेली. ट्रे खाली ठेवत ते म्हणाले, "शाबूत नाही, बाई. मी चिकटवलीय. शिडी लागली समजलो होतो. पण शिडी त्या भिंतीला टेकवलीच नव्हती मी."

बाईंनी पुढे होऊन नखाने माझ्यावरचा रंग खरवडला.

"पोरांनो, दप्तरं राहू द्या. रांगेत बाहेर," बाई म्हणाल्या.

"अहो, निदान तपासणी तरी होऊ द्या!"

"झाडाखाली करा, साहेब. सावली भरपूर आहे."

तेव्हापासून तिसरी झाडाखाली भरू लागली. अकराव्या दिवशी भर दुपारी जमीन जोरात हलली. ती भिंत बाकांवर कोसळली. बाके चेपली, पण त्यांवर ना मूल होते, ना दप्तर. नातीने मामांच्या कमरेला मिठी मारली आणि मामा आभाळाकडे पाहून कितीतरी वेळ हात जोडून उभे राहिले.

भूकंप कधी येणार, हे मला ठाऊक नव्हते. ते कुणालाच सांगता येत नाही. भिंत थकली आहे, एवढेच मी सांगू शकत होते.

ढिगाऱ्यातून वेचलेले माझे दोन तुकडे आज बाईंच्या मेजावर डबीत आहेत. मित्रांनो, घरात, शाळेत कुठे तडा दिसला तर त्यावर रंग फिरवू नका, मोठ्यांना हाक मारा. चूक आपली असली तरी मारा. नव्या वर्गासमोरच्या जुन्या ओसरीलाही भेग आहे. तिथल्या काचपट्टीखाली आता तारीख मामा लिहितात. रोज सकाळी चष्मा पुसून ते तिच्यापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "काय असेल ते सांग गं बाई. मी ऐकतोय."