लाल पिंप
आसपासचे सगळे प्रवाळ पांढरेफटक पडले, तरी खडकामागचा एक तुकडा अजून रंगीत होता. पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या म्हाताऱ्या पाणबुड्यालाच तो ठाऊक होता. त्यावर चुकूनही कुणाचा नांगर पडू नये, म्हणून त्याने वर लाल पिंप तरंगत ठेवलं. कुठली अवदसा आठवली कोण जाणे!

आठवड्याभरात पिंपाभोवती अकरा बोटी जमल्या. नांगर लांब टाकायची तेवढी अक्कल होती मेल्यांना. “काका, खूण केलीत ते बरं झालं, शोधून जीव जात होता आमचा!” एक बोटवाला ओरडला. खाली माणसं प्रवाळावर चक्क उभी राहून फोटो काढत होती.

वर आल्यावर एका बाईंनी प्रवाळाची मोडलेली निळी फांदी म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. “दोन आणल्या. एक तुम्हाला. तुमच्यामुळेच तर दिसलं हे सगळं!”