बोरखेडीचा भोंगा आणि गुरुवारची चाचणी

मित्रांनो, जरा मोठ्यानं बोललो तर राग मानू नका. मी एक जुना भोंगा आहे आणि हळू बोलायला मला कुणी शिकवलंच नाही. तुमच्या शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत मोडक्या बाकांवर जो पोचे पडलेला ॲल्युमिनियमचा कर्णा पडलाय ना, तोच मी. परवा तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या तोंडात चेंडू टाकायचा खेळ मांडला होता. टाका बापडे! पण या तोंडानं एकदा माणसांनी भरलेली नदी रिकामी केली होती, एवढं मात्र ऐकून घ्या.

माझा जन्म औरंगाबादच्या एका पत्र्याच्या शेडमधला. कारागिरानं सपाट पत्रा लाकडी साच्यावर दाबून दाबून मला असा घेरदार केला, मग माझ्या नरड्याशी तोंड नेऊन जोरात "ओऽ" केलं. समोरच्या हाटेलातली माणसं दचकून बाहेर आली. बस, तेव्हापासून माझी मान ताठ आहे. सत्तर साली बोरखेडीच्या ग्रामपंचायतीनं मला, एक मशीन, एक माईक आणि एक बॅटरी असं सगळं बिऱ्हाड विकत घेतलं. भोकरदनपर्यंत एस.टी.च्या टपावरून आणि पुढं केदारखेड्यावरून बैलगाडीत बसून मी आलो. चावडीच्या छपरावर लोखंडी नळीला मला बांधलं. चावडी उंचावर, खाली उतार आणि उताराच्या पायथ्याशी पूर्णा नदी. एवढी उंच जागा गावात सरपंचांनासुद्धा नव्हती.

पहिली दोन वर्षं मी नुसता मिरवलो. रेडिओवरचे शेतीचे कार्यक्रम ऐकवले, लग्नात गाणी वाजवली, पोरांना देवी टोचायला आणा म्हणून ओरडलो. सरपंच श्रीपतीअण्णांची हरवलेली म्हैस मी अर्ध्या तासात शोधून दिली. म्हैस शेजारच्याच गोठ्यात होती, हे खरं. पण शोधली मीच.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नदीच्या वरच्या अंगाला दुष्काळी कामावर एक तलाव बांधला गेला. तलाव भरू लागला तशी खालच्या गावांची काळजी सुरू झाली, आणि चौऱ्याहत्तर साली तालुक्याच्या कचेरीतून एक हुकूम आला. तलावाखालच्या ज्या गावात भोंगा असेल त्या गावानं पावसाळ्यात दिवसभर मशीनजवळ माणूस बसवायचा. इशारा आला की गाणं असो, कीर्तन असो, मधेच थांबवून तो तीनदा वाचायचा. आणि दर आठवड्याला चाचणी घेऊन आवाज शेवटच्या घरापर्यंत पोचतो का, हे बघायचं. वाचायचं वाक्यही कचेरीनंच लिहून पाठवलं होतं: "सावधान. तलावाचे पाणी वाढले आहे. नदीपात्रातील लोकांनी त्वरित उंच जागी यावे." चाचणी असेल तर शेवटी "ही चाचणी आहे" एवढं जोडायचं.

अगदी लहान गावांना अर्ज करून सूट मिळत होती. श्रीपतीअण्णा अर्ज करायलाच निघाले. एवढंसं गाव, एकुलता एक भोंगा, त्याला कशाला हे लचांड, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा माझं मशीन चालवणारा संपत आडवा आला. संपत खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतला, पुंजाराम आणि केशरबाईचा एकुलता मुलगा. मॅट्रिक झालेला, भोकरदनला रेडिओ दुरुस्ती शिकून आलेला. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, पानी येतंय ते गाव ल्हान हाय का मोठं, हे इचारून येत न्हाई."

अण्णा हसले. कर बाबा तुला काय करायचं ते, पण माझ्या डोक्याला ताप नको, म्हणाले. संपतनं त्याच दिवशी छपरावर चढून माझं तोंड फिरवलं. तोवर ते देवळाकडे होतं आणि वस्तीला माझा शब्द कळत नव्हता. आता ते नदीकडे आणि वस्तीकडे झालं. हुकमात शेवटचं घर लिहिलं होतं, त्यामुळे कुणाला काही बोलता आलं नाही.

दर गुरुवारी दहा वाजता चाचणी. संपतची बायको बेबीनंदा चौथी शिकलेली होती. ती चावडीत माईकवर वाक्य वाचायची आणि संपत नदीच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा. आवाज पोचला की डोक्यावर टॉवेल फिरवायचा. पहिल्या महिन्यात लोक धावतपळत वर आले. दुसऱ्या महिन्यात उभे राहून ऐकू लागले. पुढं तर माझा आवाज आला की बाया म्हणायच्या, दहा वाजले, चुलीवर भाकरी टाका. रोज मरे त्याला कोण रडे! मी एवढा घसा फोडायचो आणि गावानं माझं घड्याळ करून टाकलं. मला राग यायचा. संपतला मात्र कधी राग आला नाही. वस्तीतल्या शेवटच्या घरी ऐकू येतं ना, मग झालं, म्हणायचा.

आता पंच्याहत्तर सालातला तो गुरुवार सांगतो, नीट ऐका.

घट बसायला चार दिवस होते. घट बसायच्या आधी गोधड्या धुवायच्या, ही गावाची रीत. वस्तीत घट बसत नाहीत, पण दसऱ्याच्या धम्मचक्र दिनासाठी तिथंही घरं सारवून, सगळं पांघरूण धुऊन काढतात. त्यामुळे त्या दिवशी अख्खं गाव नदीत होतं. गावच्या बाया वरच्या दगडांवर, वस्तीतल्या खालच्या दगडांवर. ओली गोधडी दोघांशिवाय पिळत नाही, म्हणून गडीमाणसंही होती. ऊन लख्ख पडलेलं. पाणी गुडघाभर. पलीकडे नदीच्या मधोमध वाळूचं एक बेट होतं, तिथं गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांची राखण करायला म्हातारा पुंजाराम बाभळीखाली बसला होता.

दहाला चाचणी झाली. पण मधेच माझा आवाज फाटला. वायरीचं काहीतरी होतं. संपत धावत वर आला, वायर घट्ट केली आणि बेबीनंदाला म्हणाला, तासाभरानं पुन्हा एकदा वाच, मी खालून टॉवेल दाखवतो. खाली जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलंही, की अकराला पुन्हा चाचणी आहे.

मित्रांनो, अकराला पाचदहा मिनिटं असताना शेजारच्या गावचा कोतवाल भुजंग सायकल दामटत आला. त्याच्याकडे फोनवरून आलेला निरोप होता. डोंगरात रात्रभर पाऊस झाला होता आणि तलावाचा बांध फुटला होता. पाऊण तासात पाणी बोरखेडीला येणार होतं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ त्याला वाटेतच लागला होता. चिठ्ठी बेबीनंदाच्या हातात देऊन तो तसाच पुढच्या गावाकडे निघाला. अण्णा तालुक्याला गेलेले. चावडीत दुसरं कुणी नाही.

बेबीनंदानं बटण दाबलं आणि हुकमाप्रमाणे वाक्य वाचलं. एकदा. दोनदा. तीनदा. माझा आवाज असा खणखणीत कधी लागला नव्हता. आणि खाली काय झालं? बाया गोधड्या आपटतच राहिल्या. संपतनं हसतहसत डोक्यावर टॉवेल फिरवला. आवाज बराबर येतोय!

शेवटी "ही चाचणी आहे" हे शब्द नव्हते. पण इतक्या गुरुवारांनंतर शेवटपर्यंत ऐकतो कोण? संपतसुद्धा ऐकत नव्हता. बेबीनंदा दारात येऊन दोन्ही हात हलवू लागली. त्यानं आणखी जोरात टॉवेल फिरवला. खाली पळत जाऊन एकेकाला सांगायचं तर वेळ पुरला नसता. मी वरून सगळं बघत होतो आणि मला स्वतःचं एक अक्षर बोलता येत नव्हतं. त्या दिवसाएवढी स्वतःची लाज मला कधी वाटली नाही.

बेबीनंदा परत माईकपाशी आली. तिनं कचेरीचा कागद बाजूला सारला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. अहो म्हणते, घरधनी म्हणते, लेकराचा बाप म्हणते, पण नाव नाही. चारचौघांत तर नाहीच. तिनं पदर सावरला आणि ती बोलली.

"संपत. ओ संपत. मी बेबीनंदा बोलून राह्यले. मी तुमचं नाव घेऊन राह्यले. ही चाचणी न्हाई."

नदीत गोधड्या बडवणारी धोपाटणी एकदम थांबली. संपतचा टॉवेल हवेत तसाच राहिला आणि मग त्याच्या हातून पाण्यात पडला. त्याला कळलं. सगळं टाका, वर पळा, असं ओरडत तो पाण्यातून धावू लागला. बेबीनंदा थांबली नाही. तिनं एकेका घराचं नाव घेतलं. साळूबाई, लेकरू उचल. गिरिजाबाई, गोधडी सोड. शरयूताई, वर या. गावच्या आणि वस्तीच्या बाया एकाच वाटेनं उतार चढू लागल्या.

पण सगळ्यांच्या पुढं कोण होतं, सांगू? केशरबाई, बेबीनंदाची सासू. ती काही पुराला भिऊन निघाली नव्हती. सुनेनं भोंग्यावरून नवऱ्याचं नाव घेतलं, आता हिची जीभच हासडते, म्हणून ती तरातरा चावडीकडे निघाली होती! धापा टाकत दारात आली. तोंड उघडणार, तेवढ्यात वरच्या अंगानं घोंघावल्यासारखा आवाज आला. तिनं मागं वळून बघितलं. नदीच्या वळणावर लाल पाणी दिसत होतं. उतारावर माणसं चढत होती. आणि बेटावर, बाभळीखाली, पुंजाराम तोंडावर टॉवेल टाकून गाढ झोपला होता.

दहाची चाचणी ऐकून तो झोपला होता, ते अकराच्या आवाजानंसुद्धा उठला नव्हता. माझ्या आवाजात झोपायची गावाला सवयच लागली होती. खडकांमुळे खालून तो संपतला दिसत नव्हता. केशरबाई चावडीच्या कडेला जाऊन "अवं, अवं" करून ओरडली. तेवढ्यानं काय होणार? बेबीनंदानं माईक सासूच्या हातात दिला.

केशरबाईच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"पुंजाराम! ए पुंजा, ऊठ रे. पानी आलं, ऊठ."

म्हातारा ताडकन उठून बसला. इकडं तिकडं बघितलं आणि धोतर सावरून पाण्यात शिरला. पाणी कमरेला लागत होतं. आवाजानं संपत मागं फिरला, काठावर टाकलेल्या ओल्या गोधडीचं एक टोक त्यानं बापाकडे फेकलं आणि दोघा गड्यांनी दुसरं टोक ओढलं. म्हातारा काठाला लागला आणि उताराची चार पावलं चढला, तोवर बेट पाण्याखाली गेलं होतं. बाभूळही दिसेना.

गावातल्या साठसत्तर गोधड्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही. चावडीसमोर सगळे मोजून पाहिले, दोनदा मोजले. पुंजाराम ओलाचिंब, बायकोकडे बघत उभा होता. म्हणाला, "मला वाटलं माय बोलावती. पुंजा म्हननारी तेवढी एकच व्हती. मंग म्हटलं, माय जाऊन तीस वर्सं झाली, ही कोन?"

केशरबाई खाली मान घालून रडली. सुनेला जवळ घेतलं. जीभ हासडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी अण्णा तालुक्याहून परतले. सूट मागणारा, वर्षभर न दिलेला अर्ज अजून त्यांच्या खिशातच होता. तो त्यांनी सगळ्यांसमोर फाडला आणि छपराखाली उभं राहून मला हात जोडले. सरपंचानं मला हात जोडले, मित्रांनो! आणि संपतनं पुढच्या गुरुवारपासून चाचणीची पद्धत बदलली. वाक्याच्या आधी एका घरातल्या माणसांची नावं घ्यायची, दर गुरुवारी वेगळं घर. आपलं नाव येतं का म्हणून गाव कान टवकारून शेवटपर्यंत ऐकू लागलं.

तशी चार वर्षं गेली. यंदा गावात वीज आली, नवं मशीन आलं, दोन नवे चकचकीत भोंगे आले. संपतला जालन्याला नोकरी लागली, बेबीनंदाही त्याच्याबरोबर तिकडं गेली. मला उतरवलं त्या दिवशी केशरबाईनं पदरानं माझी धूळ पुसली. तेव्हा बायांनी तिची थट्टा केली, की काय गं, म्हाताऱ्याचं नाव घेतलंस ते घेतलंसच. ती ठसक्यात म्हणाली, "नाव घेतल्यानं नवऱ्याचं आविष्य कमी व्हतं म्हनत्यात. माझ्या म्हाताऱ्याचं चार वर्सं वाढलंय, आन अजून चालूच हाय."

मित्रांनो, मला पोचे पडले त्याचं मला वाईट वाटत नाही. नव्या भोंग्यांचा हेवाही नाही, त्यांचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे, हे मी कबूल करतो, आणि असं मी सहसा कबूल करत नाही. वाईट वाटतं ते एवढ्याचंच, की गेले सात गुरुवार चाचणी झालेली नाही. मशीन नवं आहे, त्याला काय होतंय, म्हणतात. तलाव पुन्हा बांधलाय आणि तो भरलाय. तेव्हा चेंडू घ्या, खेळा, पण येत्या गुरुवारी दहा वाजता गाव गप्प असलं तर सगळे मिळून अण्णांच्या दारात जा आणि विचारा, आज कुणाच्या घरची नावं घ्यायची होती.