उजवीकडे बघणारी बारा माणसं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हा स्वभाव जन्मजात नाही. दिवसभर माणसांच्या तोंडाकडे बघत बसण्याची नोकरी तुम्हाला लागली असती, तर तुम्हीही असेच झाला असता.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला भोळा होतो. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यासमोर पाच बोटं हलवली, मी पाचच दाखवली आणि त्यांनी मला पास केलं. मला वाटलं, जग असंच असणार. समोर असेल ते दाखवायचं आणि शाबासकी घ्यायची. पहिली चार वर्षं एका कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत मानाने गेली. चेहरे काय लख्ख दिसतात, असं लोक म्हणायचे. मग माझ्याहून तल्लख कॅमेरे आले आणि माझी रवानगी मागच्या छोट्या खोलीत झाली. तिथे एका कॉम्प्युटरच्या डोक्यावर मला चिकटपट्टीने बसवलं. उकाड्यात पट्टी सैल होते, मी मान टाकतो, मग येणारा-जाणारा एक टपली मारून मला सरळ करतो.

या खोलीत वेबसाइटची परीक्षा होते. नवी वेबसाइट लोकांच्या हाती देण्याआधी काही बाहेरच्या माणसांना बोलावतात, एक काम सांगतात आणि ती कुठे अडतात ते रेकॉर्ड करतात. स्क्रीनवर बाण कसा फिरला ते एक रेकॉर्डिंग टिपतं. चेहरा मी टिपतो. स्क्रीनचं रेकॉर्डिंग सगळे मिळून बघतात. माझं ज्या फोल्डरमध्ये जातं त्याचं नाव ‘चेहरे – नंतर बघू’.

मी मात्र माझी मोजदाद चालू ठेवली. आठ्या किती, आवंढे किती, ओठ किती वेळा चावले. एक गृहस्थ अकरा मिनिटं घाम पुसत होते आणि उठताना म्हणाले, एकदम सोपं आहे. एका बाईंनी चार वेळा कपाळावर हात मारून घेतला आणि वेबसाइटला दहापैकी नऊ गुण दिले. लोक वाईट नसतात हो, भिडस्त असतात. पण तेव्हापासून कुणी ‘छान’ म्हटलं की मी आधी त्याच्या भुवया बघतो.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या एका दवाखान्याची वेबसाइट परीक्षेला आली. तिच्यावर तपासणीची तारीख घ्यायची होती. वेबसाइट सुरू झाली की दवाखान्यातली तारखा देणारी खिडकी बंद होणार होती. परीक्षा घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. ताई कडक. बोलावलेल्या पाहुण्याच्या उजव्या हाताला वही घेऊन बसायच्या आणि एका शब्दाची मदत करायच्या नाहीत. वेबसाइट बनवणाऱ्या प्रोग्रामरला सगळे झटपट म्हणायचे, कारण कुठलंही काम सांगा, हा शब्द आधी येई आणि काम मागून.

अकरा जण पास झाले. बारावा आलाच नाही, म्हणून ताईंनी आपल्या मावशीला बोलावलं. मावशी कपडे शिवायच्या. त्याच दवाखान्यात त्या दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायच्या. एकही चुकवायचं नाही, गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशी बसल्या, डॉक्टर निवडला, दिवस निवडला, वेळ निवडली. हिरवी बरोबरची खूण आली. त्या क्षणभर थांबल्या, उजवीकडे बघितलं, मग पान खाली सरकवून ‘नक्की करा’ दाबलं. झालं. बारापैकी बारा. मोठ्या साहेबांनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि त्याच्याभोवती गोल काढला.

मला तो गोल बघूनच शंका आली. बारा माणसं वेगवेगळी, कुणी घाईचा, कुणी संथ, आणि सगळी एकाच जागी थांबतात? आणि सगळी उजवीकडे बघतात? माझा संशय सरळ ताईंवर गेला. नक्की खुणावत असणार. मी त्यांचे डोळे तपासले, मान तपासली. काही सापडलं नाही. पण न सापडल्याने संशय मिटतो थोडाच?

पुढे वेबसाइट आधी थोड्या रुग्णांना वापरायला दिली. मावशींनी घरी एकट्याने तारीख घेतली, ठरल्या दिवशी दवाखान्यात गेल्या आणि परत पाठवल्या गेल्या. त्यांचं नाव यादीत नव्हतंच. पुढची तारीख मिळाली ती नऊ दिवसांनंतरची.

दुसऱ्या दिवशी त्या तावातावाने आमच्या खोलीत आल्या.

“अगं, इथे एक दाखवता आणि घरी दुसरंच पाठवता होय?”

मग जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघू लागला. झटपटचं म्हणणं, मावशींनी घरी भलतंच काहीतरी दाबलं असणार. ताईंना वाटलं, यानेच परीक्षेनंतर गुपचूप पान बदललंय. झटपट हळूच म्हणाला, भाचीनेच मावशीला पेपर फोडला असेल. साहेबांना दोघांवर संशय. आणि सगळ्यांसाठी वेबसाइट उघडायला उरले होते आठ दिवस. तोवर उलगडा झाला नाही, तर मावशींसारखी किती माणसं दारातून परत जाणार, हे ताईंच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

ताईंनी स्क्रीनची बाराही रेकॉर्डिंग पुन्हा पाहिली. प्रत्येकात बाण हिरव्या खुणेवर थांबतो, पाच-सहा सेकंदांनी खाली जातो. का थांबतो आणि का जातो, ते बाण सांगत नाही. म्हणून त्यांनी नाइलाजाने माझं फोल्डर उघडलं.

पहिल्या चेहऱ्याला त्या नुसत्या बघत राहिल्या. तिसऱ्याला पुढे वाकल्या. पाचव्याला त्यांनी माझ्या चित्राच्या कडेला बोट ठेवलं. तिथे त्यांचा स्वतःचाच हात दिसत होता, आणि हातात पेन. पाहुण्याचं काम पूर्ण झाल्याशिवाय नोंद करायची नाही, ही ताईंची सवय. हिरवी खूण आली की पाहुण्याला वाटायचं, झालं. तो ताईंकडे बघायचा. पेन हवेतच. म्हणजे अजून काहीतरी राहिलं. मग तो खाली शोधायचा, बटण सापडायचं, आणि पेन वहीवर उतरायचं. बारा वेळा. आणि मी शहाणा त्यांचे डोळे तपासत बसलो होतो!

ताईंनी मावशींना परत बोलावलं. माझी काच चष्म्याच्या फडक्याने पुसली, आपली खुर्ची उचलून बाहेर नेली आणि स्वतः शेजारच्या खोलीत साहेब आणि झटपट यांच्यासोबत माझ्यातून बघत बसल्या. मावशी एकट्या. हिरवी खूण आली. त्यांनी उजवीकडे बघितलं. तिथे भिंत होती.

“झालं वाटतं,” असं स्वतःशीच म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

पातळ भिंतीपलीकडून झटपटचा आवाज आला, बटण खाली आहे की. साहेब म्हणाले, आठ दिवसांवर आलंय, आता काय करायचं.

“साहेब, फळ्यावरचं बारा खोडा,” ताई म्हणाल्या. “तिथे शून्य लिहा. आणि ते बारा माझ्यामुळे झाले होते, हेही लिहा.”

साहेबांनी खोडलं. आवडलं नाही, पण खोडलं. हिरवी खूण आता सगळ्यात शेवटी यायला लागली, बटण वर आलं. पाच नवी माणसं एकेकटी बसवली. चौघांना जमलं, पाचवा अडला, पुन्हा दुरुस्ती झाली. वेबसाइट तीन आठवडे उशिरा उघडली आणि तोवर खिडकी उघडी राहिली. झटपट अजून माझ्याकडे रागाने बघतो.

मावशींना इंजेक्शन मिळालं, पण नऊ दिवस उशिरा. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ त्या आधी वाचायच्या, आता नाही वाचता येत. त्या नऊ दिवसांमुळेच असं झालं का, ते डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. ताईंनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, सुई ओवायला अजून जमतंय, तू जेवून घे. पुढची तारीख त्यांनी घरून, आपली आपण घेतली. ठरल्या दिवशी दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काच अधूनमधून पुसत जा, एवढी विनंती. माझ्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मला सगळं दिसत होतं आणि तरी कळलं नव्हतं. आणि तुम्ही कुणाला काही शिकवलंत, आजोबांना फोन, धाकट्या बहिणीला गणित, आणि त्यांनी झटकन ‘आलं’ म्हटलं, तर लगेच खूश होऊ नका. त्यांच्या शेजारून उठा. दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. त्यांनी हाक मारली तर धावत जा. पण हाक मारायला त्यांना तुमचा धाक वाटणार नाही, याची काळजी आधीच घ्या.