मंदाबाईंचा पाय

"दाब. दाब. दाब. आते धर, सोडू नको!"

बन्सीलाल मागच्या डाव्या चाकाशी पोत्यावर आडवे झाले होते. मंदाबाईंनी ब्रेकचं पेडल धरून ठेवलं. तिकडे पान्याने चाकामागचं हवा काढायचं निपल सैल झालं, इकडे पेडल पायाखाली बसत गेलं, निपल पुन्हा आवळलं गेलं.

"सोड."

धुळ्याच्या देवपुरातल्या या अंगणात हा कार्यक्रम नवा नव्हता. बन्सीलालनी अठ्ठावीस वर्षं शिंदखेड्याची काळीपिवळी जीप चालवली, पण ब्रेकला परक्याचा हात कधी लागू दिला नाही. नळीत हवा शिरली की घरीच काढायची. ते चाकाखाली, मंदाबाई सीटवर. लग्नानंतर नवऱ्याने त्यांना पहिलं काही शिकवलं असेल तर हेच. भाकरी त्यांना येतच होती.

आज मात्र समोर जीप नव्हती, लेकीची जुनी छोटी गाडी होती. संघमित्रा उद्या जामनेरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार होती आणि सकाळीच एकटी गाडी घेऊन निघणार होती. चाकातला ब्रेकचा गळका सिलिंडर बापाने स्वतः बदलला होता. आत शिरलेली हवा तेवढी काढायची राहिली होती. निपलला सलाइनची नळी लावली होती, तिचं दुसरं टोक बाटलीत. नळीतून ऑइलबरोबर बुडबुडे यायचे थांबले की चाक झालं.

"झालं व! एक बुडबुडा नही."

मंदाबाईंनी पेडल दाबून पाहिलं. मळलेल्या कणकेत बोट जावं तसा पाय आत गेला.

"मऊ शे आजून."

"तुना पायच मऊ शे. मी दखी राहिनू ना!"

"तुम्ही दखी राहिनात, पन दाबी राहिनू मी."

आणखी तीनदा दाबून झालं, आणि तिन्ही वेळा खालून "झालं" आलं. मंदाबाई पाणी प्यायच्या निमित्ताने उतरल्या आणि चाकाशी वाकल्या. नळीत मोहरीएवढे बुडबुडे ओळीने बसले होते. बन्सीलाल तीच नळी उन्हाकडे धरून, डोळे बारीक करून, समाधानाने मान हलवत होते.

जळगावच्या रस्त्यावर ट्रकांची रांग असते. चौकातल्या नवलच्या गॅरेजात अर्ध्या तासाचं काम होतं. पण गाडी तिकडे गेली असती तर हा माणूस आठवडाभर जेवला नसता.

"ओ, मना गुडघा धरी लिन्हा. तुम्ही वर बसा, मी खाले बसस."

"गुडघा दुखस तर खाले कशी बसशीन?"

मंदाबाईंनी नळीतल्या बुडबुड्यांवर बोट ठेवलं. बन्सीलालनी पाना पोत्यावर ठेवला आणि डोळे चोळले.

"कवयपासून माहीत शे तुले?"

"जयंतीपासून. मिरवणुकीत तुम्ही खांबाले जयभीम करेल व्हता."

"तो खांब व्हता?"

"मंग! आनि वाट दखत उभा राहिनात, तो बी करीन म्हनीसन!"

बन्सीलाल एवढे हसले की ऑइलची बाटली कलंडता कलंडता राहिली. हसू ओसरल्यावर त्यांनी हात पुसले.

"पोरगी या गाडीवर जाई राहिनी, मंदा," ते म्हणाले, आणि त्यांनी पाना बायकोच्या हातात दिला.

मंदाबाई पोत्यावर बसल्या. "दाबा. दाबा. आते धरा!" त्यांनी निपल सैल केलं, आणि वर बन्सीलालनी पाय उचलला. नळीतलं ऑइल सुर्रकन उलटं आत गेलं, बुडबुड्यांसकट.

"सोडाले कोनी सांगं?"

"चुकनं."

"या चुकीसाठे अठ्ठावीस वरीस माले बोलनात ना?"

"बोलनू."

"मंग आते ऐका. आनि बोनेटखालनी डबीमा ऑइल वता पहिलं."

चारही चाकं व्हायला ऊन उतरलं. शेवटच्या चाकाची नळी पिवळी, स्वच्छ, सलग दिसली. बन्सीलालनी वरून पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. आता ते दगडासारखं घट्ट लागत होतं. हवा गेली की नाही हे पायाला एवढं नेमकं कळतं, ते आज पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी तिसऱ्यांदा दाबून पाहिलं.

तेवढ्यात संघमित्रा बाजारातून आली. आईच्या गालाला काळं लागलेलं, आणि बाप सीटवर!

"आई, तू खाली? हे कधीपासून?"

"गाडी काढ," मंदाबाई म्हणाल्या. "चक्कर मार. आम्ही बी येतो."

बन्सीलालनी स्वतःच मागचं दार उघडलं.

"बाबा, पुढे बसा ना."

"पुढे तुनी माय बसीन. ब्रेक तिनी करेल शेत."

गाडी गल्लीतून निघाली. वळणावर कुणाच्या तरी शेळ्या धडपडत रस्त्यात आल्या. संघमित्राने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"वा!" संघमित्रा म्हणाली.

मंदाबाईंनी मागे वळून पाहिलं. बन्सीलालांचा उजवा पाय चपलेतून बाहेर आला होता आणि समोरच्या मॅटवर घट्ट दाबलेला होता. शेवटची शेळी पलीकडे जाईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.