वीणा सोडताना

जरा अलीकडे सरका, मायबाप. टाळ मांडीवर ठेवा. नायगावजवळच्या एका सप्ताहातली, दोन भावांची गोष्ट सांगतो.

दुपारचे दोन वाजून गेले तरी शेषेराव गळ्यातली वीणा सोडीना. धाकटा उमाशंकर पाळी घ्यायला समोर उभा होता. सप्ताहभर वीणा भुईला टेकवायची नसते. देणाऱ्या-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायचं, मग ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिथं थोरला-धाकटा नसतो.

"दादा, तास उलटला. पाय दुखून राहिले असतील तुमचे."

"माझ्या पायाची फिकर तू नको करू. तुझं लिव्हर ठणठणीत हाय ना!"

काविळीचा विषाणू दोघांत एकच, जन्मताना मायकडून आलेला. नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं होतं : हा विषाणू स्वतः यकृत फारसं नासवत नाही, त्याला हुडकत शरीराची फौजच तिथल्या पेशी मारत सुटते. शेषेरावाची फौज खवळलेली. त्याला रोजची गोळी, यकृत थकल्यानं पायांना सूज. उमाशंकरची थंड. त्याला एवढंच, "सध्या औषध नको, पण दर सहा महिन्यांनी रक्त दाखवा."

तेव्हापासून भावाचं सगळंच शेषेरावाच्या डोळ्यांत खुपे. त्याचं पोटभर जेवणं, चढा सूर. एका मायची लेकरं, मग देवानं फौजा अशा का वाटल्या? गळ्यात माळ, ओठांवर नाम, आणि आत हीच जळजळ.

"शेषा, वीणेशी लगीन लावलंस का रं?" चुलती धुरपताबाई मागून ओरडली. मंडळी हसली.

ओठ आवळून शेषेराव वाकला. भावाच्या पायाला हात लावताना अंगठा घोट्यावर दाबला गेला. हात उचलला, तर तिथं खळगा. भरून येईना. असा खळगा तो रोज सकाळी स्वतःच्या पायावर बघायचा.

"रक्त कधी दाखवलंस?"

"आठ वर्षं झाली असतील. सध्या काही न्हाई म्हणले होते ना डॉक्टर." उमाशंकर हसला. "उभं राहून सुजलेत जरा."

शेषेराव हळूच उठला. वीणेचा पट्टा त्यानं पुन्हा खांद्यावर ओढला.

"बस तू. तुझी पाळी मीच करतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं नांदेडला जायचंय. दोघांनी."

"बघा, अजून सोडंना!" धुरपताबाई म्हणाली.

शेषेरावानं नाम तेवढं मोठ्यानं घेतलं.

कुठं कुणी पाळी संपूनही वीणा धरून उभा दिसला, तर मायबाप, त्याला हट्टी म्हणण्याआधी उमाशंकरच्या सुजल्या पायाची एकदा आठवण काढा.